पडद्यावर सगळीकडे एकसारखा उजेड हवा असेल तर

परभणीत नाटकासाठी एलईडी आणि बहिर्गोल भिंगाचा स्पॉटलाइट बनवतोयस, फार छान. पण भिंग एलईडीपासून त्याच्या नाभीय अंतरावर (फोकल लेंग्थवर) धरलंस की पडद्यावर चिपचाच, म्हणजे एलईडीतल्या उजेड देणाऱ्या तुकड्याचाच, चौकोन उमटतो. आणि झोत पूर्ण समांतर कधीच होत नाही: चिप २ मिमी, नाभीय अंतर ५० मिमी, तर ३ मीटरवर सुमारे १२ सेंमी फैलाव आलाच.

त्यापेक्षा दोन भिंगं घे. पहिल्यानं चिपची प्रतिमा दुसऱ्या भिंगात पाडायची. दुसऱ्यानं, पहिल्याला लागून ठेवलेल्या छिद्राची प्रतिमा पडद्यावर. चिप दिसतच नाही, छिद्राचा आकार मात्र रेखीव उमटतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कोहलरनं १८९३ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी हीच रचना मांडली. मला ती अजूनही सगळ्यात सुंदर वाटते.

एलईडीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीट सिंक मोठाच लाव, आपल्याकडचा मे महिना तुला माहीत आहे.