कॅबट ट्रेल एका दिवसात करावी का, आणि कोणत्या दिशेने?

आपण पसरणी घाटात नेहमी गाडी चालवत असाल, तर कॅबट ट्रेल, म्हणजे कॅनडातील केप ब्रेटन बेटावरचा हा सुमारे २९८ किलोमीटरचा वळसा घालणारा रस्ता, आपणांस अवघड वाटणार नाही. परंतु तो एका दिवसात उरकू नये, ही कळकळीची विनंती. बॅडेक या गावाहून निघून घड्याळाच्या उलट दिशेने जावे, कारण तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने आपली गाडी समुद्राच्या बाजूला राहते आणि कड्यालगतच्या थांब्यांवर वळणे सोपे जाते. सोबत्यांना दरीची भीती वाटत असेल, तरच घड्याळाच्या दिशेने फिरावे. वाटेवरील इंगोनिश आणि शेटिकँप या गावी एकेक मुक्काम करून स्कायलाइन पायवाट अवश्य चालावी. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. मूस हे महाकाय हरीण संध्याकाळी रस्त्यावर येते.