मुलीच्या वाचनाची यादी मागू नका

आपले पत्र मिळाले. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र, पहिल्या वर्षी 54 टक्के गुण मिळाले आणि रोज तीन तास ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसते. तिथे ती अभ्यास करते की कादंबऱ्या वाचते, हे पाहण्यासाठी आपण तिच्या नावावर गेलेल्या पुस्तकांची यादी मागितली, ती ‘पुस्तके देणाऱ्या बाईंनी’ नाकारली, आणि आता राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी तिला पुण्यातील खासगी अभ्यासिकेत पाठवावे का, असे आपण विचारता.

गुणांची मला काळजी वाटली नाही, यादीची वाटली. ग्रंथपालांनी नकार दिला हे योग्यच झाले, कारण वाचकाने काय वाचले ते गोपनीय ठेवणे हा त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा भाग आहे. शरीराविषयीचा, धर्माविषयीचा किंवा ‘हा विषय मला झेपेल का’ हा प्रश्न एकोणीस वर्षांची मुलगी कुणालाही न सांगता पुस्तकांत शोधू शकते, ती याच भरवशावर. तो भरवसा मोडला, तर ती घरी दाखवता येईल एवढेच वाचू लागेल. कादंबऱ्या वाचत असेल, तर अवश्य वाचू द्या.

‘पुस्तके देणाऱ्या बाई’ हे शब्द मला खटकले. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि सामान्यतः नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार त्यांचे सुरुवातीचे वेतन सहायक प्राध्यापकाच्या स्तराचे असते. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. त्यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ ही दोन आपल्या मुलीच्या रोजच्या उपयोगाची आहेत. ‘महागाईवर काहीतरी हवे’ असे ती म्हणाली, की जाणता ग्रंथपाल आधी विचारतो की संकल्पना समजून घ्यायची आहे की प्रकल्पासाठी आकडेवारी हवी आहे, आणि त्यानुसार तिला अर्थशास्त्राच्या, म्हणजे 330 क्रमांकाच्या, कपाटाकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या अहवालांकडे नेतो. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही बहुधा तिथेच मिळतात. महाविद्यालय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासद असेल, तर ग्रंथालय तिला खाते उघडून देईल आणि हजारो नियतकालिके व ई-पुस्तके तिला घरबसल्या वाचता येतील. अभ्यासिकेत पैसे मोजून खुर्ची, दिवा आणि शांतता मिळते. प्रश्न विचारायला तिथे कुणी नसते.

राज्यसेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे तिला ती द्यायची असेलच, तर आजचे हे वाचन वाया जाणार नाही. परंतु ही परीक्षा तिला द्यायची आहे, असे आपल्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. अभ्यासिकेचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि तिला काय करायचे आहे, ते तिलाच विचारा. आपण यादी मागितली होती, हेही तिला इतर कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगा, आणि एकदा महाविद्यालयात जाऊन त्या ग्रंथपालांची क्षमा मागा.