अडकलेले दहा हजार आणि ‘डिपॉझिट’ म्हणून दिलेले तीन लाख

बेळगावच्या वडगाव भागातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

“सर, मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. पगार 34 हजार. आता चाकणला 48 हजारांची नोकरी मिळाली. आई-बाबा, बायको आणि चार वर्षांचा मुलगा, सगळेच तिकडे जाणार म्हणून एका मूव्हर्सवाल्याकडे 14 फुटी गाडी बुक केली. पॅकिंग-हमालीसकट 26 हजार ठरले, 10 हजार डिपॉझिट यूपीआयने दिलं. पण कंपनीनं जॉइनिंग तीन आठवडे पुढं ढकललं. मी 12 दिवस आधी कळवलं, तर तो म्हणतो डिपॉझिट परत मिळत नाही, तारीख बदलायची तर 6 हजार जादा लागतील. द्यावेत, की 10 हजारांवर पाणी सोडून दुसरी गाडी बघावी? तिकडच्या फ्लॅटचं डिपॉझिट 50 हजार आहे. ते आणि गाडीचं भाडं मिळून 80 हजार बाबांच्या बँकेतल्या डिपॉझिटमधून काढणार आहे. बाबांना रिटायर झाल्यावर 9 लाख आले. त्यातले 3 लाख बँकेच्या साहेबांनी गेल्या डिसेंबरात विम्यासकटच्या डिपॉझिटमध्ये घातले. दरवर्षी 3 लाख असे पाच वर्षं भरायचे, दहा वर्षांनी 21 लाख मिळतात. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. शेवटचे दोन हप्ते माझ्या वाढलेल्या पगारातून जातील.”

6 हजार देऊ नका. गाडीचं सांगतोच, पण पत्रात ‘डिपॉझिट’ हा शब्द तुम्ही तीन गोष्टींसाठी वापरलाय आणि तिन्ही ठिकाणी पैसा वेगळा आहे. फ्लॅटमालकाला द्याल ते खरं डिपॉझिट, घर सोडताना परत यायचं. गाडीवाल्याला दिला तो विसार, म्हणजे 26 हजारांतलाच आधी दिलेला भाग. आणि बँकेच्या साहेबांनी घेतला तो विम्याचा हप्ता. त्यातून 80 हजार ‘काढता’ येत नाहीत. तुमचा प्रश्न 10 हजारांचा आहे, माझा जीव त्या तिसऱ्या डिपॉझिटमध्ये अडकलाय.

आधी गाडी. पावतीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. गुलाबी कागद, वर गणपती, खाली ‘अ‍ॅडव्हान्स 10,000’, तारीख आणि सही. गाडीचा नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, रद्द केलं तर किती कापणार याची एक ओळ नाही. पैसे गेलेत ते एका माणसाच्या खात्यावर आणि त्याचं नाव पावतीवरच्या नावाशी जुळत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल’ हे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यांदा दिसतात ते तुम्ही तारीख पुढं करा म्हटल्यावर. पैसे घेऊन झाल्यावर एकानं परस्पर घातलेली अट दुसऱ्याला बांधत नाही. अट आधी लिहिलेली असती, तरीही 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम वाजवी भरपाईच देतं, मनाला येईल तेवढी नाही.

वाजवी म्हणजे किती? लोडिंगच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ‘नको’ म्हटलं असतं, तर त्यानं चार-पाच हजार ठेवून घेतले असते तरी मी त्याच्या बाजूनं बोललो असतो. अशा वेळी ड्रायव्हर सांगितलेला असतो, हमाल ठरलेले असतात, दुसरं भाडं नाकारलेलं असतं. इथं 12 दिवस हातात होते. बेळगाव ते चाकण साधारण 360 किलोमीटर. गाडीनं लिटरला आठ किलोमीटर दिले तर 45 लिटर डिझेल, म्हणजे चार हजार रुपये. त्यातला एक थेंबही अजून जळलेला नाही. फोन करण्यापलीकडं त्याचं काही गेलेलं नाही आणि मागतोय मात्र एका फेरीच्या डिझेलच्या दीडपट.

त्याला लेखी मेसेज टाका: ‘अमुक तारखेला कळवलं होतं. तेच 26 हजार, नवी तारीख, दिलेले 10 हजार त्यातून वजा. हे मान्य नसेल तर 1 हजार ठेवून 9 हजार परत करा.’ बोलणं फोनवर झालं तरी ठरलेलं पुन्हा लिहून पाठवा. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. बऱ्याचदा 1915 वर तक्रार नोंदवल्याचा नंबर पाठवला की सूर बदलतो. एक मात्र ध्यानात ठेवा: पैसे परत घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणाला तर फोन ठेवा.

तो अडून बसला तर? त्याच्याकडूनच गाडी घेतली तर एकूण 32 हजार जाणार. तुम्ही उद्यमबागेत काम करता, तेव्हा आपल्याच डिस्पॅचच्या गेटवर विचारा. पुण्याकडून माल घेऊन उद्यमबाग, मच्छे, होनग्याला आलेल्या गाड्या रिकाम्या परत जायला नको म्हणून भाडं शोधत असतात. अशी परतीची एमएच-12 किंवा एमएच-14 ची गाडी 16 हजारांत मिळाली, दोन्हीकडची हमाली 4 हजार धरली आणि हे 10 हजार पूर्ण बुडाले, तरी होतात 30. भांडी-कपडे तुम्ही घरीच बांधायचे एवढंच.

गाडी कुणाचीही असो, लोड झाल्यावर सगळे पैसे देऊन मोकळे होऊ नका. माल गाडीत चढला की जोर त्याच्या हातात जातो. निदान पाच हजार चाकणला शेवटची वस्तू उतरेपर्यंत ठेवा आणि हे आधीच लिहून घ्या. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, गाडीचा नंबर आणि सामानाची यादी हवी. मालाची किंमत आधी लिहून दिली नसेल तर 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्याखालच्या नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरली जाते, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. कोटेशनमध्ये ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ असेल तर विमा कंपनीच्या पॉलिसीचा नंबर मागा. तो मिळत नसेल तर ती रक्कम त्याच्या खिशात जातेय.

आता बाबांचे पैसे.

त्या ‘डिपॉझिट’च्या बॉण्डचे, म्हणजे पॉलिसीच्या कागदाचे फोटो मी दोनदा वाचले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत विमा योजनेचं नाव आहे, ‘डिपॉझिट’ हा शब्द कुठंच नाही. विमा तुमच्या जिवावर, हप्ता भरणारे बाबा. मागे जोडलेल्या प्रपोजल फॉर्मच्या झेरॉक्सवर बाबांचा व्यवसाय ‘बिझनेस’ आणि उत्पन्न वर्षाला 6 लाख लिहिलंय. 61 वर्षांचा निवृत्त माणूस, ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) दोन-अडीच हजारांची पेन्शन, आणि उत्पन्न 6 लाख! त्याखाली इंग्रजीत छापलेलं निवेदन: ‘मला हा फॉर्म कन्नडमध्ये समजावून सांगण्यात आला.’ आणि त्याखाली बाबांची देवनागरीतली सही. आपल्या भागातली बाबांच्या पिढीतली कितीतरी माणसं बाजारात कन्नड बोलतात, पण फॉर्मवरचं कन्नड वाचू शकत नाहीत आणि इंग्रजीही नाही. साहेबांनी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. बाबांना यासाठी एक शब्दही बोलू नका. चूक सही करणाऱ्याची नाही, खोटं उत्पन्न लिहिणाऱ्याची आहे.

हिशेब सरळ आहे. पाच हप्ते म्हणजे 15 लाख. बाबांकडं होते 9. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही योजना त्यांना पुरी करता येणारच नव्हती. पुढचे दोन हप्ते भरले की खातं रिकामं. उरलेले 6 लाख तुम्ही ‘वाढलेल्या पगारातून’ भरणार म्हणता. वर्षाला 3 लाख म्हणजे महिन्याला 25 हजार. पगार वाढतोय 14 हजारांनी. फ्लॅटचं भाडं तुम्ही लिहिलं नाहीत, 13 हजार धरा. उरले हजार रुपये, आणि मुलाची शाळा अजून सुरू व्हायचीय. हे गणित जुळत नाही आणि पुढं जुळेल अशी आशाही धरू नका.

समजा, सगळं भरलं तरी काय मिळतं? 15 लाखांचे 21 ऐकायला चांगले वाटतात, पण पहिला हप्ता दहा वर्षं अडकतो आणि शेवटचा सहा वर्षं. परतावा पडतो सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. साहेब ‘एफडीपेक्षा जास्त’ म्हणाले होते ना? त्यांच्याच बँकेची साधी एफडी यापेक्षा जास्त देते. असे विकलेले कागद घेऊन माणसं प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्याकडं येतात आणि प्रत्येक वेळी ते निवृत्तीचेच पैसे असतात. याचा मला फार राग येतो.

म्हणून दुसरा हप्ता भरायचा नाही. बाबांच्या खात्यातून तो आपोआप कापला जाण्याचं मँडेट आहे. बाबांना घेऊन शाखेत जा, मँडेट रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘पॉलिसी लॅप्स होईल, सगळे पैसे बुडतील’ असे फोन येतील. घाबरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतरही 30 दिवसांची सवलत असते, आणि तुमच्या बॉण्डवर एका वर्षाचा हप्ता भरल्यावर पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेची चालू राहते, असं छापलंय. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या नियमांत पहिलं वर्ष पुरं झालं की सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मोडल्यावरची रक्कमही द्यावी लागते. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे, एवढंच काय ते नशीब.

कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: पेड-अप ठेवली तर दहाव्या वर्षी किती, आणि वर्ष पुरं होताच सरेंडर केली तर किती. माझा अंदाज असा: पेड-अपला 21 लाखांच्या पाचातला एक भाग, म्हणजे 4 लाख 20 हजार, पण नऊ वर्षांनी. सरेंडरला वर्ष पुरं होताच दोन-सव्वादोन लाख. म्हणजे पाऊण लाखाचा खड्डा, आणि तो आधीच पडलेला आहे. सव्वादोन लाख सात टक्क्यांनी नऊ वर्षं वाढले तरी 4 लाख 10-15 हजार होतात. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच, पण बाबांना पैसा आज हवाय, सत्तरीत नाही. त्यामुळं शेवटी सरेंडरच.

पण सरेंडरचा अर्ज लगेच देऊ नका. आधी फसवून विकल्याची तक्रार करा आणि पूर्ण 3 लाख मागा. फ्री-लुकचे, म्हणजे पॉलिसी नको म्हणून परत करण्याचे, 30 दिवस उलटून गेलेत, पण तक्रारीचा हक्क गेलेला नाही. बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एकाच मजकुराचं पत्र द्या: निवृत्त माणसाला व्यावसायिक दाखवलं, उत्पन्न खोटं लिहिलं, वाचता न येणाऱ्या भाषेतल्या निवेदनावर सही घेतली. जोडीला बाबांचं पेन्शनचं पासबुक. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय बेंगळुरूला आहे, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे मिळतीलच असं म्हणत नाही, पण तुमच्याकडं कागद आहे आणि असा कागद बहुतेकांकडं नसतो.

बाबांच्या 9 लाखांतले उरलेले 6 लाख वर्षभर बचत खात्यात पडून आहेत, पुढच्या हप्त्यांची वाट बघत. तिथंच 30 हजारांच्या वर व्याज बुडालं. त्यातले 5 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बाबांच्या नावानं ठेवा. सध्या 8.2 टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीला 10,250 रुपये हातात. पाच वर्षांची योजना आहे, मधेच मोडली तर थोडं कापतात. सरेंडरचे किंवा तक्रारीतून मिळतील ते पैसेही तिथंच घाला, मग महिन्याला पाच हजारांच्या आसपास पडतात.

राहिलेल्या 1 लाखातून फ्लॅटचं डिपॉझिट आणि गाडी भागवा. बाबांकडून घेतलेलं उसनं म्हणून वहीत लिहा आणि दोन वर्षांत फेडा. फ्लॅटच्या करारात डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाचे पैसे कापणार, ते लिहून घ्या, नाहीतर निघताना रंगाचे आणि गिझरचे पैसे कापतात. उद्यमबागेतला पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. आणि ही पॉलिसी सोडण्याआधी तुमच्या नावानं 1 कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा) घ्या. 31 व्या वर्षी निर्व्यसनी माणसाला वर्षाला 15 हजारांच्या आत मिळतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही.

मँडेट रद्द केल्याची पोच आणि कंपनीचे दोन्ही आकडे हातात आले की मला पाठवा. तक्रारीचं पत्र मराठीत लिहून बाबांना वाचून दाखवा. ते ‘हो, असंच झालं’ म्हणाले की मगच त्यांची सही घ्या.