पायऱ्या आहेत, क्लब नाही

प्रश्न: माझा भाचा ग्लासगोला शिकतो. त्याने तिथल्या कॅथकिन पार्क नावाच्या बागेचा फोटो पाठवलाय. मध्ये फुटबॉलचं मैदान, तीन बाजूंना पायऱ्या, त्यांत लोखंडी कठडे आणि मधूनमधून वाढलेली उंच झाडं. हे कसलं स्टेडियम? आपल्या नेहरू स्टेडियमचंही असंच होणार का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, भाचा जाणकार दिसतो. बाकीची मुलं किल्ल्यांचे फोटो पाठवतात.

हे थर्ड लॅनार्क या क्लबचं मैदान. क्लब १८७२चा, एका स्वयंसेवक रायफल पलटणीतल्या लोकांनी काढलेला. मैदान मात्र मूळचं क्वीन्स पार्क क्लबचं. तेव्हा त्याचं नाव हॅम्पडेन, आणि स्कॉटलंड-इंग्लंड सामनेही तिथे होत. क्वीन्स पार्कने जवळच नवं, मोठं हॅम्पडेन बांधलं आणि १९०३मध्ये ही जागा थर्ड लॅनार्ककडे आली. पुढच्याच वर्षी ते लीगचे विजेते झाले, १९०५ला स्कॉटिश कपही मारला. पायगुण चांगला होता म्हणायचा.

आता पुढचं ऐका. १९६०-६१च्या हंगामात हा क्लब ३४ सामन्यांत १०० गोल करून तिसरा आला. त्यातले ४२ एकट्या अ‍ॅलेक्स हार्लीचे. अशा पोराला कोणी सोडतं का? १९६२ला तो मँचेस्टर सिटीला विकला गेला. डेव्ह हिली न्यूकॅसलला गेला. १९६४-६५ला त्याच ३४ सामन्यांत कमाई किती, तर ७ गुण! विजयाला तेव्हा २ गुण मिळत, म्हणजे बघा. खालच्या विभागात घसरण झाली आणि २८ एप्रिल १९६७ला डम्बार्टनकडून ५-१ असा मार खाऊन खेळ आटोपला. सरकारी चौकशीत कारभाराचे पार वाभाडे निघाले. महिना उलटायच्या आत, २५ मे रोजी, त्याच शहरातल्या सेल्टिकने लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकला. एका गल्लीत वरात, दुसरीत सुतक.

मैदान विकून तिथे घरं बांधायचा बेत होता, पण परवानगीच मिळाली नाही. म्हणून पायऱ्या राहिल्या आणि झाडांना मोकळं रान मिळालं. माझ्या मते प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून हा क्लब मेला, असं म्हणणं अन्याय आहे. तो आधी हिशेबाच्या वहीत मेला.

नेहरू स्टेडियमची गोष्ट वेगळी. ३१ मार्च २००१ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनने वनडेतल्या दहा हजार धावा तिथेच पूर्ण केल्या. टाळकं तापवणाऱ्या उन्हात मीही बोंबलत होतो. पुढे मोठं क्रिकेट होळकर स्टेडियमवर गेलं, नेहरूकडे मतमोजणी आली. निवडणूक असली की गल्लोगल्ली त्याचं नाव निघतं, एरवी कोण विचारतो! पण तिथे क्लब बुडालेला नाही, पाहुणे बदललेत. झाडं उगवायची भीती नको. मला धास्ती आहे ती एखाद्या ‘विकास आराखड्या’ची.

भाच्याला सांगा, आताचं हॅम्पडेन तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्यात स्कॉटिश फुटबॉलचं संग्रहालय आहे, तेही बघून घे म्हणावं. आणि कॅथकिनच्या पायऱ्यांवर जाताना बूट चांगले घाल. तिथे पाऊस फार, शेवाळावरून पाय सटकायचा.