धोरण ठरलं, मीटिंगा झाल्या, तरी पेढी जुन्याच पद्धतीने का चालते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या लोहार चाळीत इलेक्ट्रिकल मालाची घाऊक पेढी, भिवंडीला गोदाम, मिळून बावीस माणसं. काउंटरचा धंदा वाढत नाही म्हणून वडील, काका आणि तुम्ही ठरवलंत की पुनर्विकासाच्या इमारतींची कामं घेणाऱ्या कंत्राटदारांना थेट साइटवर माल द्यायचा. सल्लागाराने आराखडा करून दिला, सगळ्यांना बसवून समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा महिने झाले, काही हललं नाही. मुनीमजींचा उघड विरोध आहे. आता माणसांची मानसिकता बदलायला ट्रेनिंग ठेवावं का आणि नवं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

ट्रेनिंग आत्ता ठेवू नका. तुमची माणसं जे करताहेत ते तुमच्याच पगारपत्रकाप्रमाणे अगदी बरोबर करताहेत. धोरण बदललं, पण इन्सेंटिव्हचा तक्ता, उधारीची मर्यादा, रेट कोण देतो आणि कोणतं काम कोणाच्या गळ्यात आहे, हे सगळं जुनंच राहिलं. आधी ते बदला. ट्रेनिंगचं नंतर बघू.

काउंटरवरच्या एका सेल्समनचा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा. पगार २८,००० आणि विक्रीवर अर्धा टक्का. महिन्याला २० लाखांचा माल काढला की वर १०,००० मिळतात. त्याला तुम्ही सांगता, निम्मा दिवस चेंबूर-घाटकोपरच्या साइट फिर. काउंटरची विक्री १२ लाखांवर येते, इन्सेंटिव्ह ६,०००. साइटच्या कामात पहिली चौकशी ते पहिली ऑर्डर यात दोन-तीन महिने सहज जातात. इमारतीच्या कन्सल्टंटने मान्य केलेल्या मेकच्या (कंपन्यांच्या) यादीत आपला माल बसतो का ते बघा, नमुने द्या, रेट द्या, मग पुन्हा रेट द्या. तेवढे महिने तुमच्या धोरणाचा खर्च, दरमहा ४,००० रुपये, तो माणूस स्वतःच्या खिशातून भरतो. तोंडाने हो म्हणेल आणि उभा राहील काउंटरलाच. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

उपाय स्वस्त आहे. साइटच्या कामावर दोनच माणसं घ्या आणि मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीइतका इन्सेंटिव्ह सहा महिने हमीने द्या. सरासरी बारा महिन्यांचीच काढा. सहाची काढलीत तर दिवाळी त्यात धरली की नाही यावर आकडा फिरतो आणि भांडण होतं. दोन माणसं, दरमहा ४,००० चा फरक, सहा महिने, म्हणजे ४८,०००. सल्लागाराच्या बिलापुढे हे किरकोळ असावं. हमी लेखी द्या, दोन ओळींचं पत्र पुरे, पण खाली वडील आणि काका दोघांच्या सह्या हव्यात.

साइटच्या विक्रीवर वेगळा इन्सेंटिव्ह ठेवा, मात्र बिल फाडल्यावर देऊ नका, पैसे जमा झाल्यावर द्या. ६० दिवसांत आले तर पूर्ण, ९० दिवसांत आले तर निम्मा, त्यापुढे काही नाही. बिलावर दिलात तर ज्याला बाजारात कोणी उधार देत नाही त्याच्याच दारात तुमचा माणूस पहिला पोचेल, कारण तिथे ऑर्डर सगळ्यात लवकर मिळते. आणि हे सगळं जुन्या पगाराच्या वर जोडा. कामगार वर्गात मोडणाऱ्या माणसांच्या पगाराची रचना किंवा कामाच्या वेळा त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात ती अट होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे.

आता उधारी. बहुतेक आराखडे इथेच आपटतात, कारण आराखड्यात विक्रीचा आलेख असतो, पैशाचा नसतो. समजा साइटची विक्री महिन्याला ४० लाखांवर गेली आणि कंत्राटदार ७५ दिवसांनी पैसे देतो. म्हणजे कायम एक कोटीचं येणं बाहेर. माल बनवणारी कंपनी तुम्हाला ३० दिवस देते असं धरलं तर मधले ४५ दिवस तुमच्या अंगावर. मार्जिन १२ टक्के धरा, तर ४० लाखांच्या मालाची खरेदी साधारण ३५ लाखांची आणि दीड महिन्याचे अडकलेले पैसे सुमारे ५३ लाख. ११ टक्के व्याजाने वर्षाला ५ लाख ८० हजार, म्हणजे विक्रीच्या सव्वा टक्क्याला थोडंसं कमी. हा सव्वा टक्का कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे, आणि ५३ लाख कुठून येणार हे बँकेशी आधी बोलून ठेवलं पाहिजे. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनं येणं कॅश क्रेडिटच्या (धंद्याच्या खेळत्या कर्जाच्या) हिशेबात धरत नाहीत. वसुली लांबली की नेमकी त्याच वेळी लिमिटही आखडते.

लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याच्या कायद्यावर (एमएसएमई कायदा) विसंबू नका. सल्लागार तो हमखास सांगतात, वेळेत न चुकवलेलं बिल आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही (१९६१ च्या कायद्यातलं ४३ब(ह) कलम), याचा धाकही घालतात. पण २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली केली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. उशिरा आलेल्या पैशांवर व्याज मागण्याचं ते संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

इथे मुनीमजी कामाला येतात. त्यांचा विरोध समजून घ्या: कोणाचा चेक परत जातो, कोण भागीदारी मोडून नव्या नावाने आलाय, ही बाजाराची खबर त्यांच्याकडे आहे आणि पेढीतलं त्यांचं वजन त्यावरच उभं आहे. तुमच्या आराखड्यात त्यांना जागा काय? बहुधा नुसती बिलं चढवायची. त्याऐवजी प्रत्येक नव्या कंत्राटदाराची उधारीची मर्यादा ठरवण्याचा अधिकार त्यांना द्या. टॅलीत लेजरमध्ये क्रेडिट लिमिट आणि क्रेडिटचे दिवस घालायची सोय आहे, ती चालू करा. मर्यादा वाढवायचा अधिकार फक्त त्यांच्या लॉगिनला ठेवा, तुमच्याही नको. नव्या पार्टीला पहिल्या दोन ऑर्डर आगाऊ पैशावर, मग ५ लाखांपर्यंत, आणि तीन बिलं वेळेवर चुकती झाली की पुढची पायरी. मुनीमजी सुरुवातीला जास्त आखडतील. आखडू द्या, पहिल्या सहा महिन्यांत तेच हवंय.

पुढची अडचण कागदावर दिसत नाही. काउंटरच्या धंद्यात माल दिला, बिल दिलं, काम संपलं. साइटच्या धंद्यात माल पोचल्यावर काम सुरू होतं. गेटवर एंट्री, स्टोअरकीपरची सही आणि शिक्का असलेलं चलान, त्यावर पर्चेस ऑर्डरचा नंबर, मग बिल साइटवरून कंत्राटदाराच्या ऑफिसात, तिथे इंजिनिअरने प्रमाणित केलं की अकाउंट्समध्ये. चलानावर शिक्का नसेल तर बिल परत येतं, आणि ते परत आलंय हे तुम्हाला महिन्याने पैसे मागायला गेल्यावर कळतं. तुमचे ७५ दिवस तेव्हा कुठे मोजायला लागतात. मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागतं, आणि साइटचा पत्ता ‘शिप टू’मध्ये नीट नसला तर गेटवर टेम्पो अडतो. तर हे ‘बिल पास करून घेणं’ तुमच्याकडे कोणाचं काम आहे? आज कोणाचंच नाही. सेल्समनला वाटतं अकाउंट्सचं, अकाउंट्सला वाटतं सेल्समनचं. एका माणसाचं नाव ठरवा, आणि त्याच्याकडून आजचं एखादं काम काढून घ्या. नवं काम देताना जुनं काय बंद होणार हे सांगितलं नाही तर नवंच बंद पडतं.

कोटेशनचंही तसंच. ऐंशी आयटमचा बीओक्यू (कामाला लागणाऱ्या मालाची यादी) आला की आज तुमच्याकडे तो काकांच्या टेबलावर पडून राहत असणार, कारण डिस्काउंट त्यांच्या डोक्यात आहे. प्रत्येक मेकसाठी लिस्ट प्राइसवर किमान डिस्काउंट, नेहमीचं डिस्काउंट आणि शेवटची मर्यादा असा एक पानी तक्ता करा आणि त्या दोघा सेल्समनच्या हातात द्या. ४८ तासांत कोटेशन बाहेर गेलं पाहिजे. वायर आणि केबलच्या ओळीसमोर ‘दर ७ दिवसांपुरते’ असं छापाच. तांबं चढलं की कंपनी नवी लिस्ट काढते, आणि महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर ९० मीटरच्या पाचशे कॉइल मागितल्या गेल्या तर त्या ऑर्डरचं मार्जिन त्यातच जाईल.

काकांचा मोबाइल हा वेगळा विषय आहे आणि तो तुम्हालाच हाताळावा लागेल. जुनी पार्टी थेट त्यांना फोन करते, ते तक्त्याच्या खालचा रेट देऊन मोकळे होतात. हे दोनदा घडलं की तक्ता दिखाऊ आहे हे अख्ख्या पेढीला कळतं. मोठ्या माणसाला बंदी घालायला जाऊ नका, टिकणार नाही आणि घरात कडवटपणा येईल. एवढंच मागा: मर्यादेखाली रेट दिला तर त्याच दिवशी पार्टी, आयटम, रेट आणि कारण असं वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं. महिनाअखेरीला वडिलांनी ती वही वाचायची, कोणाला काही बोलायचं नाही.

गोदामाकडे आराखड्यात बहुधा कोणी बघितलंच नसेल. आजवर पेट्या आणि बंडलं अख्खी जात होती. आता मजल्याप्रमाणे, फ्लॅटप्रमाणे माल लावून द्यायचा. तुमच्याकडे माथाडी मंडळाची टोळी असेल तर चढ-उताराची मजुरी ठरलेल्या दराने आहे, त्यावर लेव्ही (मंडळाकडे भरायची टक्केवारी). सुटा माल लावणं, लेबल करणं हे त्या दरात बसत नाही. पहिला टेम्पो भरायच्या आधी मुकादमाशी बसा: हे काम टोळी करणार का, कोणत्या दराने, की तुमचा गोदामातला माणूस करणार. ऐन वेळी सांगितलंत तर माल फळीवर पडून राहील आणि दोष मात्र ‘बदलाला विरोध’ या नावाने टोळीच्या माथी जाईल.

सुरुवात लहान करा. पाच कंत्राटदार, एकच पट्टा. भिवंडीहून मुलुंड ते चेंबूर एका टेम्पोच्या फेरीत होतं. बोरिवली-कांदिवलीची ऑर्डर कितीही गोड वाटली तरी पहिले सहा महिने घेऊ नका, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पोचा दिवस जातो आणि बाकीच्या साइट बोंबलतात.

वेळ पाळा. दिवाळीआधीचे दोन महिने लोहार चाळीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा काहीही नवं लादू नका. मार्चही सोडा. काउंटर थंड असतो तो पावसाळ्यात, जूनमध्ये सुरू करा. पितृपक्षात नवं काही सुरू करायला घरातली मोठी माणसं नको म्हणतील, तेव्हा त्या पंधरवड्यात गोदामाची मोजदाद उरकून घ्या. मोजदादीला मुहूर्त लागत नाही.

आठवड्याला एक मीटिंग, वीस मिनिटं, उभ्याने. सकाळी पावणेअकरा बरी. त्याआधी कल्याण-विरारची माणसं गाडी लेट म्हणून येत असतात, आणि संध्याकाळी सातनंतर सगळ्यांचं लक्ष घड्याळात. फळ्यावर चारच आकडे: ४८ तासांत गेलेली कोटेशनं किती, त्यातल्या ऑर्डरी किती, १५ दिवसांपेक्षा जास्त पास न झालेली बिलं किती, ६० दिवसांपलीकडचं येणं किती. पहिल्या तिमाहीत विक्रीचा आकडा फळ्यावर लिहू नका. तो लिहिला की सगळे तो वाढवायला धावतात आणि उधारीची शिस्त पहिल्याच महिन्यात मोडते.

सॉफ्टवेअर वर्षभर घेऊ नका. वर सांगितलेलं सगळं टॅली, एक एक्सेलची शीट आणि एक वही यात बसतं. कामाची पद्धत ठरण्याआधी सॉफ्टवेअर घेतलं तर आजचा गोंधळच त्यात पैसे देऊन पक्का होतो.

आणि कुठे थांबायचं हे आजच, डोकं थंड असताना, तिघांनी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ९० दिवसांपलीकडचं येणं १० लाखांवर गेलं तर नव्या पार्टीला माल बंद. सहा महिन्यांत पाचपैकी किमान दोन कंत्राटदारांकडून तिसरी ऑर्डर आली नाही तर पट्टा वाढवायचा नाही, आधी कोटेशन आणि डिलिव्हरी तपासायची. कागदावर तिघांच्या सह्या घ्या, एक प्रत मुनीमजींकडे ठेवा.