कोरालला साथ करताना बोट कधी उचलायचं

चर्चमध्ये पाइप ऑर्गन वाजवायच्या पहिल्याच रविवारी सगळे स्टॉप (पाइपांची एकेक रांग चालू-बंद करणारे खुंटे) ओढून दणदणीत आवाज काढायचा मोह होईल, पण नको करूस. लुथरन चर्चमध्ये कोराल, म्हणजे स्तोत्रगीतं, लोक स्वतः गातात, ऑर्गन त्यांना धरून ठेवायला असतो, म्हणून मॅन्युअलवर, म्हणजे हातांच्या कीबोर्डवर, ८ फुटी प्रिन्सिपल हा ऑर्गनचा मुख्य आवाज, त्यावर ४ फुटी ऑक्टेव्ह, म्हणजे तोच एक सप्तक वर, पेडलला, म्हणजे पायांच्या कीबोर्डला, १६ फुटी, एवढ्यावर सुरू कर आणि मिक्श्चर, म्हणजे अनेक उंच सुरांचा चमकदार स्टॉप, शेवटच्या कडव्याला ठेव (८ फुटी म्हणजे सगळ्यात खालच्या सी (C) सुराचा उघडा पाइप साधारण ८ फूट लांब).

आता खरी गोष्ट. पियानोचा सूर आपोआप विरतो, पाइपचा नाही विरत, पट्टी दाबलेली असेपर्यंत वारा जातच राहतो, त्यामुळे बोट कधी ठेवलंस याइतकंच कधी उचललंस हे ऐकू येतं. ओळ संपली की हात खरंच उचल, तूही श्वास घे, लोक त्याच फटीत श्वास घेतात. मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून आधीच सांगतोय. आणि लोकांचा आवाज तुझ्यापर्यंत उशिरा येतो, त्यासाठी थांबलास की ते अजून थांबतात आणि गाणं रेंगाळतं, तू तुझ्या लयीत राहा.

पेडलसाठी पातळ सोलचे, टाचेचे वेगळे बूट ठेव, बाहेर नको घालूस.

अजून एक, हॉल तापला की फ्लू पाइप (बासरीसारखे वाजणारे) सुरात चढतात, रीड (पत्तीने वाजणारे पाइप) मात्र जवळपास तिथेच राहतात, मग रीड बेसूर वाटतात. तेव्हा रीडला हात लावू नकोस, तो स्टॉप त्या दिवशी बंद ठेव.