सगळ्या पानांना एकच मांडणी दिली तर वेबसाइट कंटाळवाणी होईल का?

तुमच्या संस्थेच्या वेबसाइटवर प्रत्येक उपक्रमाचं पान वेगळ्या ठेवणीचं आहे आणि सगळं एकसारखं केलं तर रुक्ष दिसेल अशी सहकाऱ्यांना धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते ही धास्ती अनाठायी आहे. पानावर येणाऱ्याला तारीख, फी आणि पत्ता हवा असतो. ते प्रत्येक पानावर एकाच जागी मिळालं, की दुसऱ्या पानापासून त्याची शोधाशोध थांबते.

मी वेबसाइटींचंच काम करते. या बाबतीत ब्रिटन सरकारची २०१२ साली सुरू झालेली गव्ह.यूके ही वेबसाइट जरूर बघा. तिची डिझाइन सिस्टिम, म्हणजे पानं आणि अर्ज बनवायच्या ठरलेल्या नमुन्यांचा संग्रह, सगळ्यांना खुली आहे. जन्मतारीख विचारायला तिथे कॅलेंडर उघडत नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने असतात आणि वर एक नमुना तारीख. जन्मतारीख तर पाठच असते, मग १९५८पर्यंत कॅलेंडर मागे मागे नेत कशाला बसायचं? अर्ज पाठवण्याआधी दिलेली उत्तरं तपासायचं पान येतं: प्रश्न, त्याचं उत्तर आणि त्याच ओळीत शेवटी 'बदला'ची लिंक. प्रत्येक नमुन्यासोबत तो कधी वापरायचा आणि कधी टाळायचा, हेही लिहिलेलं आहे. मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर विकिपीडियावर किल्ल्यांची पानं उघडा. उंची, चढाईची श्रेणी, जवळचे गाव, डोंगररांग हे सगळं बाजूच्या चौकटीत. लेख कुणीही लिहिलेला असो, चौकट एकाच साच्यातून येते, त्यामुळे दोन किल्ल्यांची तुलना चटकन होते.

बरेच जण रंग आणि फॉन्ट एक करून थांबतात. मजकूर मात्र तसाच राहतो: एका पानावर 'फी', दुसऱ्यावर 'शुल्क', तिसऱ्यावर 'सहभाग मूल्य', आणि तेही कुठेतरी परिच्छेदाच्या पोटात. त्यामुळे आधी पाच-सहा पानं छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, कार्यालयात फोनवर लोक काय काय विचारतात ते फोन घेणाऱ्यांकडून समजून घ्या आणि त्यावरून मथळे व त्यांचा क्रम पक्का करा. रंगांचं त्यानंतर बघा. उपक्रमाचे फोटो आणि अनुभवकथन यांना या चौकटीत कोंबू नका. वेगळेपण तिथे हवं तेवढं येऊ द्या.